स्प्रिंगफील्डच्या वकिलाचे घर: चार दिवसांची नोंद

गुरुवार: नेपरव्हिल ते स्प्रिंगफील्ड

वाईच्या आमच्या घरात ओटीवरच वडिलांचे वकिलीचे ऑफिस होते. पक्षकार, साक्षीदार, मोजणीचे नकाशे आणि लाल फितीत बांधलेली प्रकरणे यांच्या गर्दीत भिंतीवर एकच चौकट होती: अब्राहम लिंकनने मुलाच्या हेडमास्तरांना लिहिले म्हणून महाराष्ट्रात घरोघरी टांगलेले ते मराठी पत्र. ते पत्र लिंकनचे असल्याचा कोणताही पुरावा त्याच्या कागदपत्रांत सापडत नाही, हे मला पुढे स्वतः तीस वर्षे दिवाणी दावे चालवल्यावर कळले. वडिलांना सांगायचे मात्र राहून गेले. लिंकन त्यांना राष्ट्राध्यक्ष म्हणून फारसा ठाऊक नव्हता. आपल्यासारखाच एक गावाकडचा वकील, एवढ्याच नात्याने तो त्यांच्या भिंतीवर होता. त्यामुळे लेकीकडे शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आल्यावर तिने नायगाऱ्याचा बेत काढला, तेव्हा मी लिंकनने जिथे वकिली केली ते स्प्रिंगफील्ड मागितले.

सकाळी साडेआठला निघालो. गाडी लेक चालवत होती. शिकागोची उपनगरे मागे पडल्यावर तीन तास दुतर्फा फक्त मका आणि सोयाबीन. कापणी अर्ध्यावर आलेली, आणि जमीन इतकी सपाट की डोंगराच्या कुशीत वाढलेल्या माझ्यासारखीला डोळे कुठे टेकवावेत ते कळेना.

१५ एप्रिल १८३७ रोजी लिंकन या गावात उसन्या घोड्यावरून आला, तेव्हा त्याचे वय अठ्ठावीस होते, वकिलीची सनद नवी कोरी होती आणि डोक्यावर कर्ज होते. जोशुआ स्पीडच्या दुकानात त्याने एका पलंगाचे सामान किती पडेल ते विचारले. सतरा डॉलर ऐकून त्याचा चेहरा पडला, तेव्हा स्पीडने आपल्याच माडीवरच्या खोलीत त्याला जागा देऊ केली. लिंकन खोगीरपिशव्या घेऊन वर गेला, त्या ठेवून खाली आला आणि बिऱ्हाड झाले. इलिनॉय राज्याची राजधानी वँडालियाहून स्प्रिंगफील्डला हलवण्याचा ठराव त्याच वर्षी झाला होता, आणि त्यामागे या जिल्ह्याचे जे नऊ उंचेपुरे प्रतिनिधी होते, त्यांतला एक तो स्वतः होता. राजधानी आली की वरिष्ठ कोर्ट येते आणि कोर्टामागून वकील येतात, हे गणित वाईत काय आणि इलिनॉयमध्ये काय, सारखेच.

दुपारी जुने विधानभवन पाहिले. विसाव्या शतकात त्याचा दगड न् दगड उतरवून ते पुन्हा उभारले आहे. १८५८ च्या जूनमधले गुलामगिरीवरून दुभंगलेले घर टिकत नाही, असे सांगणारे प्रसिद्ध भाषण याच इमारतीत झाले, आणि १८६५ च्या मे महिन्यात त्याचा मृतदेहही इथेच लोकदर्शनासाठी ठेवला होता. माझे लक्ष मात्र समोरच्या कोपऱ्यावरील तीनमजली विटांच्या इमारतीवर होते. १८४० च्या दशकात लिंकनचे ऑफिस तिथे होते. त्याचे तीन भागीदार झाले: आधी जॉन टॉड स्टुअर्ट, मग स्टीफन लोगन आणि १८४४ पासून शेवटपर्यंत विल्यम हर्नडन. हर्नडन वयाने नऊ वर्षांहून अधिक लहान; तरी फी आली की निम्मी निम्मी, असा करार होता.

ऑफिसचे वर्णन हर्नडनने करून ठेवले आहे आणि ते वाचताना मला वडिलांची ओटी आठवली. महत्त्वाचे कागद टोपीच्या आत खोचलेले असत. एका गठ्ठ्यावर लिंकनने स्वतःच्या हाताने अशा अर्थाचे लिहिले होते, की दुसरीकडे कुठेच सापडले नाही तर यात पाहा. तो सोफ्यावर आडवा होऊन वर्तमानपत्र मोठ्याने वाची, आणि भागीदाराचे काम तिथेच थांबे. रविवारी तो धाकट्या मुलांना घेऊन येई. ती पोरे शाईची दौत उपडी करीत, कागद पसरून त्यांवर नाचत आणि बापाच्या तोंडून चकार शब्द निघत नसे. त्या कार्ट्यांच्या माना पिरगाळाव्यात असे वाटे, हे हर्नडनने मोकळेपणाने लिहिले आहे. बाप असा सैल का होता, याचे एक उत्तर दुसऱ्या दिवशी मिळाले.

संध्याकाळी हॉर्सशू नावाचा इथला खास पदार्थ मागवला: भाजलेला पाव, त्यावर मांस, त्यावर बटाट्याच्या तळलेल्या सळ्यांचा डोंगर आणि सगळ्यावर चीजचा रस्सा. आम्ही मांस वगळायला सांगितले. तरीही एक बशी दोघींना संपली नाही.

शुक्रवार: आठवा रस्ता आणि जॅक्सन रस्ता

लिंकनचे घर पाहायला पैसे पडत नाहीत. १८८७ मध्ये थोरला मुलगा रॉबर्ट याने घर राज्याला दिले ते नीट राखण्याच्या आणि लोकांना विनामूल्य पाहू देण्याच्या अटीवर, आणि घर आता राष्ट्रीय उद्यान खात्याकडे असूनही ती अट पाळली जाते. अटी घातलेले बक्षीसपत्र सव्वाशे वर्षांहून अधिक काळ बिनतक्रार चाललेले पाहण्याचा योग माझ्या कारकिर्दीत कधी आला नव्हता.

मेरी टॉड ही केंटकीतल्या लेक्झिंग्टनच्या धनाढ्य घरातली मुलगी. त्या घरात कामाला गुलाम होते, आणि तिला फ्रेंच येत होते. बहीण एलिझाबेथ हिचे लग्न एका माजी गव्हर्नरच्या मुलाशी झाले होते. तिच्याकडे मेरी स्प्रिंगफील्डला आली आणि एका कर्जबाजारी वकिलाच्या प्रेमात पडली. बहिणीच्या घरच्यांना हे स्थळ पसंत नव्हते. लग्न एकदा मोडले, पुन्हा जुळले आणि अखेर ४ नोव्हेंबर १८४२ रोजी एलिझाबेथच्याच दिवाणखान्यात घाईघाईने लागले. आठवड्याला चार डॉलर देऊन दोघे एका खाणावळवजा हॉटेलात राहिली. रॉबर्टचा जन्म तिथलाच. १८४४ मध्ये, ज्या पाद्र्याने त्यांचे लग्न लावले त्याच चार्ल्स ड्रेसरकडून त्यांनी हे घर विकत घेतले: बाराशे डॉलर रोख आणि शिवाय शहरातला एक भूखंड.

तेव्हा घर दीड मजली होते. आज दिसते ते बाहेरून तपकिरी, हिरव्या झडपांचे पुरते दुमजली घर १८५६ मध्ये झाले. खर्च सुमारे तेराशे डॉलर. आदल्याच्या आदल्या वर्षी मेरीने वडिलांकडून मिळालेली ऐंशी एकर जमीन बाराशे डॉलरना विकली होती. रेंजरने या दोन गोष्टी एकामागून एक सांगितल्या आणि मी लेकीच्या कानात म्हटले, "वरचा मजला स्त्रीधनाचा आहे." लेक म्हणाली, "आई, इथे तरी दावा लावू नकोस."

दिवाणखान्यात, १९ मे १८६० च्या संध्याकाळी, राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीची बातमी घेऊन पक्षाची मंडळी आली आणि त्यांना मद्याऐवजी पाणी देण्यात आले. माझे मन मात्र स्वयंपाकघरात जास्त रमले. काळ्या लोखंडी शेगडीच्या भोवती जेमतेम दोन माणसे वावरू शकतील एवढी जागा. माहेरी कधी चुलीपुढे उभी न राहिलेल्या बाईने इथे स्वयंपाक शिकला, मुले वाढवली, कामाच्या मुली ठेवल्या आणि घालवल्या. मराया व्हान्स ही कृष्णवर्णीय स्त्री धुणे आणि स्वयंपाक करायला येत असे, आणि याच रस्त्यावर राहणारा जेम्सन जेंकिन्स हा कृष्णवर्णीय गाडीवान दक्षिणेतून पळून आलेल्या गुलामांना मदत करीत असे. ११ फेब्रुवारी १८६१ रोजी लिंकन वॉशिंग्टनला जायला निघाला, तेव्हा त्याला स्टेशनवर पोचवणारा हाच जेंकिन्स.

जिना अरुंद आहे. रेंजर म्हणाली, आतल्या बाकी वस्तूंना हात लावायचा नाही, पण कठड्याला खुशाल धरा. तो मूळचाच आहे. लाकूड हाताखाली गुळगुळीत लागले, आणि वळणावर बोटांना एक बारीकसा खळगा जाणवला. त्या एका वस्तूवरून पुढे सरकायला आमच्या सगळ्या रांगेने वेळ घेतला. वर नवराबायकोच्या दोन खोल्या, मध्ये दार. पलीकडे मुलांची खोली.

या खोलीपाशी हिशेब करावासा वाटला. आठव्या न्यायिक परिमंडळाचा न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस वसंतात आणि शरदात जिल्ह्यामागून जिल्हा फिरत असे. एके काळी चौदा जिल्हे त्यात होते, आणि वकिलांचा तांडा घोड्यांवर, बग्ग्यांत त्याच्यामागे जाई. एक फेरी दहा-बारा आठवड्यांची. बाकीचे बहुतेक वकील रविवार गाठून घरी परतत. लिंकन जवळजवळ एकटाच असा होता की जो फेरी पुरती करी. आगगाडी आल्यावर घरी येणे सोपे झाले तरीही तो फारसा आला नाही. डेव्हिसने त्यावरून त्याच्या संसारसुखाविषयी अनुमान काढले. ते कितपत खरे, ते मी ठरवणार नाही. पक्षकारांत रमणारा माणूस घरी आला तरी अर्धा बाहेरच असतो, हे मी ओटीवर पाहिले आहे. इथे मेरी पोरांना घेऊन एकटी असे, वादळाला घाबरे आणि शेजाऱ्यांना सोबतीला बोलावी. रॉबर्टने पुढे लिहिले, की त्याच्या लहानपणी वडील कोर्टांसाठी किंवा भाषणांसाठी जवळजवळ सतत बाहेरगावी असत. दौतीला लाथ मारणाऱ्या धाकट्यांना न रागावणारा बाप आणि रॉबर्टला न भेटलेला बाप, हे दोघे एकच.

दुसरा मुलगा एडी १ फेब्रुवारी १८५० रोजी, चार वर्षांचाही होण्याआधी, बावन्न दिवसांच्या आजारानंतर याच घरात गेला. त्याच वर्षी डिसेंबरात विली जन्मला. तीन आठवड्यांनी, १२ जानेवारी १८५१ ला, लिंकनने सावत्र भावाला पत्र लिहिले: वडील अंथरुणाला खिळल्याचे कळले, पण बायको बाळंतपणाने आजारी आहे, आणि आमची भेट झालीच तर ती सुखापेक्षा दुःखाचीच अधिक होईल की काय असे वाटते. पाच दिवसांनी वडील गेले. लिंकन अंत्यविधीला गेला नाही. सावत्र आईला भेटायला मात्र १८६१ मध्ये, राष्ट्राध्यक्षपद स्वीकारण्याआधी, मुद्दाम गेला.

भिंतीवरच्या आमच्या पत्राबद्दल रेंजरला विचारायचे मनात होते. लेकीने डोळे वटारले. पण एक पत्र निश्चित आहे. १८५९ मध्ये रॉबर्ट हार्वर्डच्या प्रवेशपरीक्षेत सोळांपैकी पंधरा विषयांत नापास झाला आणि एक्झिटरच्या शाळेत वर्ष काढून पुन्हा बसला. पुढच्या साली त्याचा मित्र जॉर्ज लेथम तसाच नापास झाला, तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभा असलेल्या लिंकनने २२ जुलै १८६० रोजी त्या मुलाला लिहिले, की याचे विशेष काही वाटून घेऊ नकोस, एकदा प्रयत्न सुरू केला आहेस तर यश मिळवलेच पाहिजे. त्यात फुलपाखरे नाहीत, डोंगरदऱ्याही नाहीत. दुसऱ्याच्या मुलाला इतक्या मायेने लिहिणारा हा माणूस, हे वाचून बरे वाटले आणि थोडे वाईटही.

शनिवार: न्यू सेलम आणि बेअर्ड्सटाउन

न्यू सेलम वीस मैलांवर आहे. १८३१ च्या एप्रिलात लिंकनचा तराफा तिथल्या गिरणीच्या बंधाऱ्यावर अडकला, आणि तो पुढे सहा वर्षे त्या गावात राहिला. दुकान बुडाले, भागीदार वारला, कर्ज एकट्याच्या गळ्यात आले. ते फेडायला पोस्टमास्तरकी, जमीनमोजणी, जे मिळेल ते केले आणि उसन्या पुस्तकांवर कायदा वाचला. आजची लाकडी ओंडक्यांची वस्ती बहुतांशी पुन्हा बांधलेली आहे. अर्ध्या तासात पाहून झाली. मुले मात्र लोहाराच्या दुकानापाशी रमली होती.

बेअर्ड्सटाउनचे जुने कोर्ट पाहण्यासाठी तासभर पुढे गेलो आणि ते सार्थकी लागले. ७ मे १८५८ रोजी डफ आर्मस्ट्राँग या तरुणावरचा खुनाचा खटला इथे चालला. न्यू सेलमला असताना डफच्या आईने, हॅनाने, लिंकनला जेवू घातले होते, त्याचे कपडे शिवले होते. तिचा नवरा जॅक, ज्याच्याशी लिंकनची कुस्ती गाजली, नुकताच वारला होता. प्रमुख साक्षीदार चार्ल्स ॲलन सांगत होता, की २९ ऑगस्ट १८५७ च्या रात्री अकराच्या सुमारास, दीडशे फुटांवरून, लख्ख चांदण्यात त्याने डफला मारताना पाहिले. लिंकनने उलटतपासणीत त्याच्याकडून चंद्र वर होता हे पुनःपुन्हा वदवून घेतले, आणि मग पंचांग काढले: त्या वेळी चंद्र मावळतीला टेकत आला होता. पंचांगाचा कोर्टात असा उपयोग! आमच्याकडे तिथी आणि मुहूर्त सिद्ध करण्यापलीकडे ते कधी माझ्या कामी आले नाही.

पंचांगाची गोष्ट सगळे सांगतात. उलटतपासणीचे कसब कमी जण सांगतात. साक्षीदाराला खोटा ठरवण्याआधी त्याला त्याच्या विधानावर घट्ट बसवावे लागते, आणि ती घाई न करण्यात अर्धी वकिली आहे. डफ सुटला. लिंकनने हॅनाकडून फी घेतली नाही. त्याच गुन्ह्यातला दुसरा आरोपी नॉरिस याला मात्र आधीच वेगळ्या खटल्यात आठ वर्षांची शिक्षा झाली होती. त्याच्या आईने लिंकनला कधी जेवू घातले नव्हते.

परतताना लेकीने विचारले, की हा माणूस नेहमी बरोबरच्याच बाजूने उभा राहत असे का. नाही, मी म्हटले. १८४१ मध्ये नॅन्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या विक्रीवरच्या वादात त्याने वरिष्ठ कोर्टात तिच्या मुक्ततेच्या बाजूने निकाल मिळवला. १८४७ मध्ये मॅटसन या गुलाममालकाच्या बाजूने उभा राहून जेन ब्रायंट आणि तिच्या मुलांना परत मागितले, आणि हरला. पाच हजारांहून अधिक प्रकरणांत बहुतेक साधी कर्जवसुलीची होती. इलिनॉय सेंट्रल रेल्वेचे कराचे मोठे प्रकरण जिंकले, तर पाच हजार डॉलर फी मिळवण्यासाठी त्याच रेल्वेवर दावा करावा लागला. तरुण वकिलांसाठी काढलेल्या टिपणांत त्याने लिहिले, की खटले टाळा, शेजाऱ्यांची तडजोड घडवा. जिंकणाराही फी, खर्च आणि वेळ यांत हरतो. शेवटी हेही लिहिले, की तरीही धंद्याला तोटा पडणार नाही. हे वडिलांना फार आवडले असते.

रविवार: ओक रिज, मग बटेव्हिया

सकाळी ओक रिज स्मशानभूमीत गेलो. बाहेर ब्राँझच्या लिंकनचे नाक येणाऱ्याजाणाऱ्यांनी चोळून पिवळेधमक केले आहे. आत लिंकन, मेरी आणि तीन मुलगे: एडी, १८६२ मध्ये व्हाइट हाउसमध्ये गेलेला विली आणि १८७१ मध्ये अठराव्या वर्षी गेलेला टॅड. रॉबर्ट इथे नाही. तो युद्धमंत्री झाला, राजदूत झाला, रेल्वेचे डबे बनवणाऱ्या पुलमन कंपनीचा अध्यक्ष झाला, आणि अर्लिंग्टनच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत आहे. लिंकनचा शेवटचा निर्विवाद वंशज १९८५ मध्ये वारला.

इतकी वर्षे दुसऱ्यांची प्रकरणे चालवून हा वकील मृत्युपत्र न करता गेला. डेव्हिड डेव्हिसनेच इस्टेटीची व्यवस्था पाहिली. एक लाख दहा हजार डॉलरांहून अधिक रकमेचे मेरी, रॉबर्ट आणि टॅड यांच्यात सारखे तीन वाटे झाले. भांडण झाले नाही. भांडण दहा वर्षांनी झाले, आणि ते पैशाच्या पोटातूनच निघाले.

मेरी बेसुमार खरेदी करते, हजारोंचे रोखे अंगावरच्या कपड्यांत शिवून फिरते, तिला भास होतात, अशा तक्रारी घेऊन रॉबर्टने १८७५ मध्ये शिकागोच्या कोर्टात अर्ज केला. १९ मे रोजी तिला हॉटेलातून थेट कोर्टात आणले गेले. रॉबर्टकडून सतरा साक्षीदार; तिचा वकील आयझॅक अर्नोल्ड हा कुटुंबाचाच स्नेही, त्याने एकही साक्षीदार उभा केला नाही. ज्यूरीने काही मिनिटांत तिला वेडी ठरवले. आजारी ती असेलही. पण नोटीस नाही, तयारीला अवधी नाही, बचाव नाही, अशा कामकाजाला आमच्या तालुका कोर्टातसुद्धा कामकाज म्हटले गेले नसते. आणि हे एका वकिलाच्या विधवेचे, वकील मुलाने चालवलेले प्रकरण होते.

तिला जिथे ठेवले ते बेलव्ह्यू प्लेस शिकागोच्या पश्चिमेला बटेव्हियात आहे. नेपरव्हिलपासून अर्ध्या तासावर. वाट वाकडी करून गेलो. चुनखडी दगडाची थोराड, उंच इमारत. आता तिथे फ्लॅट आहेत. एक गृहस्थ दोन्ही हातांत वाणसामानाच्या पिशव्या घेऊन कोपराने दार ढकलत होते, तेव्हा लेकीने धावत जाऊन ते धरले.

इथूनच मेरीने पत्र पाठवून ब्रॅडवेल दांपत्याची मदत मागितली. मायरा ब्रॅडवेलने कायद्याचे साप्ताहिक काढून नावारूपाला आणले होते, १८६९ मध्ये ती वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाली होती, आणि इलिनॉयच्या वरिष्ठ कोर्टाने सनद नाकारली होती: विवाहित स्त्रीला स्वतंत्रपणे करार करता येत नाही, सबब ती पक्षकाराशी बांधील होऊ शकत नाही. १८७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही तिच्याविरुद्ध निकाल दिला, आणि त्या बहुमतात एक न्यायमूर्ती होते लिंकनने नेमलेले डेव्हिड डेव्हिस. सनद नसलेल्या या बाईने भेटी घेतल्या, वर्तमानपत्रांत आवाज उठवला, आणि सप्टेंबर १८७५ मध्ये मेरी इथून बाहेर पडून स्प्रिंगफील्डला एलिझाबेथकडे गेली. पुढच्या जूनमध्ये दुसऱ्या ज्यूरीने तिला शहाणी ठरवले. ज्या घरात लग्न लागले त्याच घरात १६ जुलै १८८२ रोजी ती वारली. ती जागा आम्ही सकाळी पाहिली होती. तिथे आता सरकारी इमारत आहे.

मायराला सनद मिळाली ती १८९० मध्ये, एकवीस वर्षांपूर्वीच्या त्याच अर्जावर. हे मी गाडीत सांगत होते, तेव्हा लेकीने विचारले, "आजोबांनी तुला सनद घेताना काय सांगितले होते?" काही नाही, त्यांनी ओटीवर दुसरे टेबल आणून ठेवले होते. फॉक्स नदीचा पूल ओलांडला तेव्हा अंधारले होते, आणि साडेसातला घरी पोचलो.